डॉक्टरीण म्हणाली, चालते

चांगुणाआक्काने ठेच्याची वाटी बाजूला सारली, त्या दिवशीच काहीतरी बिघडलंय हे घरात सगळ्यांना कळलं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. माहेर चांदवडकडचं. आपण शेंगदाणे खातो तशी ती हिरवी मिरची खायची आणि वर मलाच विचारायची, "का गं लते, ही मिरची हाय का गवार?" ती बाई भाकरीबरोबर दूध मागायला लागली, तर कोणीही घाबरेल.

"डाव्या गालाला आतून झोंबतंय," ती म्हणाली. "मिठाचं बोट लागलं तरी आग होती."

मी तिला दारात उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि आ करायला लावलं. खालच्या दाढेजवळ, गालाच्या आतल्या बाजूला, एक पांढरा डाग होता. दुधाची साय चिकटून वाळावी तसा. मी पदराच्या टोकाने पुसून पाहिला. साय असती तर निघाली असती.

दोघींच्या मनात एकच नाव आलं. आमच्या वसाहतीत नवऱ्याचं नाव घेत नसत आणि त्या एका आजाराचं. नुसतं 'तो' म्हणायचं, ऐकणाऱ्याने समजून घ्यायचं.

ही ब्याऐंशी सालची गोष्ट. नाशकात द्वारकेच्या चौकात टायरच्या दुकानावर दातांचा नवा दवाखाना उघडला होता. आमच्याकडे दात ही डॉक्टरकडे न्यायची वस्तू नव्हती. दुखला तर लवंग, फार दुखला तर मिठाच्या गुळण्या, त्याहून दुखला तर दोरा. पण गालाला दोरा कसा बांधणार? मी घरात ब्लाउज शिवते. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत वाचत वाचायला शिकले, म्हणून बोर्ड वाचायचं आणि डॉक्टरशी बोलायचं काम सगळ्या गल्लीने माझ्या गळ्यात घातलेलं. आक्काला घेऊन जायचं ते मीच.

आमच्या नळाला पाण्याच्या आधी बातमी येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कळशी लावायच्या आतच बाया जमल्या. फी एका तोंडाची द्यायची, पण जातेच आहेस तर आमचंही विचार, असं प्रत्येकीचं म्हणणं. विसरू नये म्हणून मी एकेका प्रश्नाला पदराला एकेक गाठ मारत गेले.

पहिली गाठ भागीबाईची. तिने मागे वरची दाढ काढून घेतली होती, तेव्हापासून तिला धुरकट दिसायचं. "दाढेची शीर डोळ्याला असती ना गं? ती तुटली असंल. विचार, सांधती का?" दुसरी शकुबाईची. तिची सून पोटुशी, दाढ ठणकतेय, आता हात लावता येतो का? तिसरी नवसाबाईची. नवसाबाई म्हणजे आमच्या गल्लीचं कोर्ट. "मशीननं दात साफ केले का हलाया लागत्यात, खरं हाय का नाय, एवढंच विचार. आन् खोटं सांगती का बघ."

मी निघणार तेवढ्यात ती पुन्हा म्हणाली, "आन् हां, मिसरी चालती का, ते बी विचारून घे." त्यावर सगळ्या हसल्या. मी चौथी गाठ मारली.

हसल्या, कारण तो प्रश्न म्हणजे श्वास घेतला तर चालतो का असं विचारण्यासारखा होता. सकाळी नळ यायच्या आधी नवसाबाईच्या ओट्यावर चूल पेटायची, तव्यावर मिसरी भाजली जायची, काळी होईपर्यंत. मग सगळ्यांनी ओट्यावर बसून बोटाने दात घासायचे आणि उरलेली गालात धरून सुखदुःखाचं बोलायचं. कोणाची डबी रिकामी असली तर दुसरी चिमूटभर द्यायची आणि त्या चिमटीबरोबर विचारायचं, "काल रडत व्हतीस का गं?" ही मिसरी तंबाखूचीच, पण तिला आम्ही तंबाखू समजत नव्हतो. तंबाखू पुरुष खातात, चुना चोळून. आमचं ते दात घासणं.

डॉक्टरीण तरुण होती. जहिदा तिचं नाव. इंदूरची मुलगी, लग्न होऊन नाशकात आलेली. तिकडच्या शेजारणींकडून शिकलेलं तिचं मराठी गोड होतं, मधूनच हिंदीच्या वाटेने जाऊन परत यायचं. तिने आक्काला खुर्चीत बसवलं आणि पायाने कळ दाबून खुर्ची मागे नेली.

"लते, धर. पडती ही."

"पडत नाही ताई. आपण आरामात बसा. तंबाखू खाता?"

आक्काला राग आला. "नाय बाई. आमच्यात बायामाणसं खात नाय."

"पान? सुपारी? बिडी?"

बिडीवर आक्काने माझ्याकडे असं पाहिलं की या पोरीला शिकवलं कोणी.

"मग दात इतके काळे कशाने?"

"चहाने," मी म्हणाले. "शाळेत शिपाईबाई आहेत. मास्तरांचा चहा करतात, उरलेला पितात."

"बराच उरतो," डॉक्टरीण म्हणाली आणि आरसा घेऊन तोंडात वाकली. खूप वेळ पाहिलं. मग तिला सापडलं. खालच्या दाढेची एक कोर तुटून टोकदार झाली होती आणि ती गालाला घासत होती. तिने ती कोर मशीनने गुळगुळीत केली. गाल पुष्कळदा असाच पांढरा होतो, म्हणाली, घासणं थांबलं की भरून येतं. काही आठवड्यांनी दाखवायला या.

आक्काने इतका मोठा श्वास सोडला की समोरच्या ट्रेमधला कापूस हलला. मग मी पदर पुढे घेतला.

"हे काय?" डॉक्टरणीने गाठी पाहून विचारलं.

"प्रश्न," मी म्हणाले.

तिने घड्याळाकडे पाहिलं नाही, स्टूल ओढून बसली. तिथेच ती मला आवडली. दाढेच्या आणि डोळ्याच्या नसा वेगळ्या, दाढ काढल्याने नजर बिलकुल जात नाही. त्या बाईंनी डोळे तपासून घ्यावेत, बहुधा चष्मा लागला असेल. सुनेची दाढ अंगावर काढू नये. मधले महिने सगळ्यांत सोयीचे, पण ठणकत असेल तर वाट पाहायची नाही, लगेच आणा. आणि दात साफ केल्याने हलत नाहीत. वर्षानुवर्षांचं किटण दातांना भिंतीसारखं धरून असतं. ते काढलं की आधीच सैल झालेले दात तेवढे समजतात.

मी एकेक गाठ सोडत होते. चौथीला आले. "आणि मिसरी चालते का?"

"मिश्री? किती वेळा?"

"सकाळी," आक्का म्हणाली. "मग दुपारी जेवल्यावर. दिवेलागणीला. कधी मधीच तलफ आली तर."

"अरे बाप रे. इतकी नको." डॉक्टरीण हसली. "एखाद्या वेळी थोडीशी चालते. पण नंतर लगेच चूळ भरायची. आणि तोंडात ठेवून झोपायचं नाही. मुलांना तर हातच लावू देऊ नका."

"छ्या, पोरांना कोण देतंय."

आम्ही जिना उतरलो तेव्हा आक्का म्हणाली, "शिकलेली पोरगी, पर समजूतदार हाय."

गल्लीत मी सगळे निरोप पोचवले. पहिल्या तिन्हींवर वाद झाले. नवसाबाईने किटणाची भिंत ऐकून 'पैसे काढायचे धंदे' असा निकाल दिला. चौथ्या उत्तरावर मात्र वाद झाला नाही. डॉक्टरीण म्हणाली, चालते. हे वाक्य संध्याकाळपर्यंत वसाहतीच्या शेवटच्या दारापर्यंत गेलं. 'थोडीशी' वाटेत कुठेतरी गळालं. ज्या सुना सासूच्या पाठीमागे लावायच्या त्या आता ओट्यावर येऊन बसल्या. सकाळी एकदा तवाभर भाजून पुरेना. आक्का चूळ मात्र न चुकता भरायची. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना.

डाग गेला नाही. दसऱ्याच्या आधी आम्ही परत गेलो तेव्हा तो वाढला होता. डॉक्टरणीने दिवा दुसऱ्यांदा जवळ ओढला, तेव्हाच मला हे कळलं. कोर तर गुळगुळीत होती. तिने पुन्हा विचारलं, "तंबाखू नाही ना ताई? खरंच?"

"पोराची शपथ," आक्का म्हणाली.

"बाहेर बेसिनवर तोंड चांगलं साफ करून या. मी पुन्हा बघते."

आक्का गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून डॉक्टरीण आणि मी बाहेर डोकावलो. आक्का बेसिनपाशी उभी होती. कमरेच्या पिशवीतून डबी काढलेली, बोट काळं, आणि मन लावून दात घासत होती. डॉक्टरने साफ करायला सांगितलंय म्हटल्यावर नुसत्या पाण्याने काय होतं?

"हे काय लावताय?" डॉक्टरणीने विचारलं.

आक्का थुंकली, तोंड पुसलं. "मिसरी."

"ही मिश्री? काळी का?"

"भाजल्यावर काळीच होती."

"साखर भाजता?"

"साखर कशाला भाजू?" आक्काला वाटलं, पोरीला बरं नाही. "तंबाखू भाजते."

डॉक्टरणीने डबी घेतली, वास घेतला आणि पेशंटच्या बाकावर बसली. बाकावर आधीच बसलेला एक गृहस्थ गाल धरून होता, तो सरकला.

"ताई, मी विचारलं होतं, तंबाखू खाता का."

"मंग, खाते कुठं? थुकते की मी."

डॉक्टरणीने दोन्ही हातांनी कपाळ धरलं. मग हळू म्हणाली, "आमच्या इंदूरला मिश्री म्हणजे खडीसाखर. मला वाटलं, आपल्याला गोड आवडतं."

आक्का तिच्याकडे पाहत राहिली. मग माझ्याकडे. "आगं बया," ती म्हणाली, "म्हणून सांगत व्हती, पोरांना देऊ नका," आणि ती हसायला लागली. तोंडातल्या काळ्यासकट हसली. डॉक्टरीणही हसली, मीही हसले, गाल धरलेला गृहस्थसुद्धा हसायला गेला आणि कळवळला.

हसू आधी डॉक्टरणीचं थांबलं. तिने आक्काचा हात धरून तिला आत नेलं आणि खुर्ची मागे न नेता समोर बसून बोलली. हा डाग मिसरीचा आहे. आज तो नुसता डाग आहे. लावत राहिलात तर तसाच राहील असं नाही. आजपासून पूर्ण बंद. थंडी पडली की दाखवायला या. तेव्हा राहिला असेल तर छोटा तुकडा काढून मुंबईला तपासायला पाठवावा लागेल.

"आन् सोडली तर?"

"तर पुष्कळ जणांचा जातो. खात्री देत नाही ताई. पण मी गेलेले पाहिलेत."

आक्काने डबी परत मागितली नाही. जिन्यात मात्र थांबली. "लते, तुझी डबी कुठं हाय?"

"घरी."

"तू लावणार आन् मी बघत बसू? गेल्या गेल्या तुझी बी दे."

त्या डबीत माझे ब्लाउजचे हुक असतात. अजूनही.

आता गल्लीला सांगायचं होतं. डॉक्टरीण म्हणाली चालते, हे पसरायला एक संध्याकाळ पुरली होती. चालत नाही, हे ऐकायला कोणी तयार नव्हतं.

"तवा चालती म्हणली, आता नाय म्हणती," नवसाबाई तव्यावरून मान वर न करता म्हणाली. "उद्या परत चालंल म्हणंल."

"तिला खडीसाखर वाटली होती नवसाबाई."

"दाताला खडीसाखर कोण लावतंय?"

तिने बोटाने गाल ओढून मला आपलं तोंड दाखवलं. "बघ. उभा जन्म लावली. हाय का डाग? चांगुणीला उष्णता झालीय. सब्जा प्यायला सांग."

डाग मला दिसला नाही, पण ओट्यावर उजेडही नव्हता. वाऱ्याबरोबर भाजलेल्या मिसरीचा वास येत होता आणि आक्का त्या वासाकडे तोंड करून उभी होती, गावाकडची एसटी सुटून गेल्यावर माणूस उभा राहतो तशी.

पुढचे दिवस कठीण गेले. आक्काचं डोकं जड, पोट साफ होईना, घरात भांडी आपटायची. मीही काही देवी नव्हते. दोन गिऱ्हाइकांच्या बाह्या उलट्या जोडल्या. शाळेत आक्काने एकदा मधल्या सुट्टीची घंटा वेळेच्या खूप आधी वाजवली. पोरं बाहेर धावली, मास्तर धावले, कोणाला परत बोलावता येईना. हेडमास्तरांनी विचारलं, तर म्हणाली, "हात मोकळे हायत सायेब, काय करू?" पोरांमध्ये तिची इज्जत एकदम वाढली.

पण खरं कठीण होतं ते सकाळचं. मिसरी सोडली म्हणजे ओटा सोडला. आक्का घरात एकटी बसून ब्रशने दात घासायची आणि तोंडात फेस घेऊन दारातून ओट्याकडे बघायची. एक दिवस ती म्हणाली, "लते, डाग जाईल गं. पर मंग मी बोलू कुणाशी?"

मी दवाखान्यात जाऊन डॉक्टरणीला हेच विचारलं. पाचवी गाठ म्हणा. तलफ आली की बडीशेप चघळा, ती म्हणाली, भाजून. बाकीचं तिला ठाऊक नव्हतं आणि तसं तिने सांगूनही टाकलं.

दुसऱ्या सकाळी आक्का आपला तवा घेऊन नवसाबाईच्या ओट्यावर गेली. चुलीवर जागा झाल्यावर तिने बडीशेप आणि ओवा भाजायला घातला. खमंग वास सुटला. बाया माना वळवून बघायला लागल्या.

"कोण बाळंत झालं गं?" नवसाबाई म्हणाली.

"मी," आक्का म्हणाली. "धर. तुला बी देते चिमूट."

ओट्यावर हशा झाला, पण आक्का बसली. शकुबाईच्या सुनेने चिमूट घेतली. तिची दाढ डॉक्टरणीने भरून दिली होती, न काढता, त्यामुळे तिचा पक्ष आमचा होता. पोटातल्या बाळासाठी तिने मिसरी ठेवूनच दिली. आक्काला बाळंतीण म्हणून चिडवणं मात्र कोणी सोडलं नाही.

मग एक नवीनच रीत पडली. नळ येईपर्यंत आक्काने सूर्याकडे तोंड करून आ करायचा आणि बायांनी आळीपाळीने आत बघायचं. मी म्हणायचे, तसाच आहे. शकुबाई म्हणायची कमी झालाय. भागीबाई वाकून बघायची आणि दर वेळी सांगायची, "गेला की. काहीच दिसत नाय."

"तुला नळ तरी दिसतो का?" नवसाबाई म्हणायची.

आक्काच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर आलं तेव्हा ती भागीबाईला हाताला धरून घेऊन गेली. चष्माच निघाला, जाड काचांचा. भागीबाई आठवडाभर सगळ्या वसाहतीला पहिल्यांदाच पाहत हिंडत होती. मला म्हणाली, "लते, तुला एवढे पांढरे केस कवा झाले?" दाढेवरचा आरोप मात्र तिने मागे घेतला नाही, दाढेनंच चष्मा लावला, म्हणाली.

त्या चष्म्याने तिने एका सकाळी आक्काच्या तोंडात पाहिलं. चष्मा पदराने पुसला, पुन्हा पाहिलं.

"कडा आत आलीय," ती म्हणाली. "आन् मधी गुलाबी हाय. खोटं नाय, मला मिशीचा केसबी दिसतोय तुझा."

नवसाबाई उठली. तिने भागीबाईला सारून स्वतः आत पाहिलं, खूप वेळ. मग परत जागेवर जाऊन बसली आणि डबी उघडली. बोट डबीवर राहिलं. नळ आला म्हणून सगळ्या उठल्या, तेव्हाही ते तिथेच होतं.

थंडी पडल्यावर आम्ही द्वारकेला निघालो, तर नवसाबाई ठेवणीतलं लुगडं नेसून रस्त्यावर उभी. "सोबतीला येते," म्हणाली. "चांगुणीला चक्कर-बिक्कर आली तर तू एकटी काय करशील?"

डॉक्टरणीने आक्काला खुर्चीत घेतलं. दिवा जवळ आणला. आरसा इकडून फिरवला, तिकडून फिरवला. बोटाने गाल दाबून पाहिला. मी आक्काचा हात धरला होता.

"ताई," डॉक्टरीण म्हणाली, "तुकडा काढायला मला जागाच राहिली नाही."

आक्काला कळलं नाही. "म्हंजी?"

"म्हणजे गेला. थोडी खूण आहे, तीही जाईल. दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. आणि मिसरी," तिने तो शब्द आमच्यासारखा उच्चारला, "कधीच नाही."

आक्का खुर्चीतून उतरताना पायरी चुकली. मी धरलं. तिने डोळे पुसले नाहीत, त्यांना वाहू दिलं, आणि डॉक्टरणीच्या गालावरून दोन्ही हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. डॉक्टरणीने मान खाली घालून ते करून घेतलं.

"पुढचं कोण आहे?" तिने मग विचारलं.

बाकावर कोणी नव्हतं. नवसाबाई भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे बघत होती. "आलेच हाय तर," ती चित्राला म्हणाली, "बघा म्हणावं माझं बी. उगा."

तिच्या पदराला गाठ होती. कसली, ते तिने मला सांगितलं नाही.

दार लोटायच्या आधी डॉक्टरणीचा आवाज आला: "मावशी, तंबाखू खाता, लावता, घासता, की गालात धरता?"

मग नवसाबाईचा आवाज, आयुष्यात पहिल्यांदा बारीक: "सगळंच म्हणायचं."

आम्ही दोघी खाली येऊन थांबलो. टायरच्या दुकानाशेजारी गाडीवर भजी तळत होते, बाजूला मीठ लावून तळलेल्या मिरच्यांचा ढीग. आक्काने भजी घेतली नाहीत. एक मिरची उचलली, देठ धरला, आणि मुद्दाम डाव्या दाढेखाली घेऊन चावली. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा.

ती चावत राहिली. नाक लाल झालं, डोळ्यांत पाणी आलं. मी घाबरले.

"आक्का, झोंबतंय?"

तिने हात वर करून मला थांबवलं. गिळलं. जीभ गालात फिरवून पाहिली, वर, खाली, परत वर.

"झोंबतंय," ती म्हणाली. "जिभेला. गालाला नाय." आणि दुसरी मिरची उचलली.